डॉ. लव्हलेसचा दावा



पत्रिकेत माझ्या नावापुढे 'कामगार कार्यकर्ते' असे छापले आहे आणि विषय मात्र दूरचित्रवाणीवरच्या एका खलनायकाचा. पुढच्या रांगेतल्या काही मंडळींनी एकमेकांकडे पाहिले, ते माझ्या ध्यानात आले. थोडा धीर धरावा. माझे शालेय शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे काय ते वाचनालयात आणि गेटसभेत झाले. इंग्रजी कानावर पडावे म्हणून जुन्या अमेरिकन मालिका पाहू लागलो, तिथे हा गृहस्थ भेटला.

मालिका 'द वाइल्ड वाइल्ड वेस्ट'. १९६५ ते १९६९ या काळात ती अमेरिकेत चालली. कथेचा काळ अध्यक्ष ग्रँट यांच्या कारकिर्दीचा, म्हणजे १८७० च्या आसपासचा. जेम्स वेस्ट आणि आर्टेमस गॉर्डन हे दोन सरकारी हेर खास आगगाडीतून हिंडतात आणि दर आठवड्याला नव्या बदमाशाचा बंदोबस्त करतात. बदमाश येत आणि जात. डॉ. मिगेलितो लव्हलेस मात्र १ ऑक्टोबर १९६५ रोजी पाहुणा म्हणून आला आणि एकूण दहा भागांत दिसला.

हे काम केले मायकेल डन यांनी. हाडांच्या जन्मजात विकाराने त्यांची उंची चार फूटही भरली नव्हती. त्याआधी दोनच आठवडे 'गेट स्मार्ट' या विनोदी हेरमालिकेच्या पहिल्या भागातही तेच खलनायक होते. तिथे पात्राचे नाव 'मिस्टर बिग'! विनोद एवढाच. लव्हलेसकडे पाहताना उंचीचा विसर पडतो. तो शास्त्रज्ञ आहे, संतापी आहे, आणि मधेच आंत्वानेतबरोबर सुरेल द्वंद्वगीत गातो. आंत्वानेत झालेल्या फीबी डोरिन या प्रत्यक्षातही डन यांच्या गाण्यातल्या जोडीदार होत्या.

पण मला खिळवले ते त्याच्या मागणीने. तो म्हणतो, कॅलिफोर्नियातली अफाट जमीन स्पेनच्या व्हाइसरॉयने माझ्या घराण्याला दिली होती. ती परत करा, नाहीतर स्फोट करीन. स्फोटाची धमकी नीचपणाचीच, तिची वकिली मी करणार नाही. परंतु तक्रार? ती काही हवेतली नव्हे. १८४८ च्या तहाने कॅलिफोर्निया मेक्सिकोकडून अमेरिकेकडे गेला. जुन्या सनदांना संरक्षण देणारे दहावे कलम अमेरिकेच्या सिनेटने तहातून काढून टाकले. १८५१ चा कायदा आला. जमीन आपली आहे हे सिद्ध करण्याचा भार कसणाऱ्या-राखणाऱ्यांवरच टाकला. ८१३ दावे दाखल झाले, पैकी सुमारे ६०४ मान्य झाले. छान झाले म्हणाल. पण निकाल लागायला सरासरी १७ वर्षे गेली. वकिलांची देणी भागवता भागवता दावा जिंकलेल्यांच्याही जमिनी गेल्या. आपल्याकडे कोर्टाची पायरी चढलेल्याला हे सांगायला नको.

आता मालिकेत काय होते? वेस्ट कट उधळतो, शहर वाचते, आपण सुटकेचा नि:श्वास टाकतो. जमिनीचे काय, हे कोणी विचारीतच नाही. स्फोटाची धमकी दिली त्याच क्षणी त्या माणसाचा दावा रद्द झाला!

हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. एका कारखान्यात एका कामगाराची आठ महिन्यांची जादा कामाची मजुरी अडली होती. अर्ज झाले, खेटे झाले. एके दिवशी त्याने मुकादमावर पाना फेकला. लागला नाही, भिंतीवर आपटला. चौकशी बसली. साहेब पान्याचे वजन विचारीत होते, अंतर मोजीत होते. मी मजुरीचा विषय काढला, तर म्हणाले, "तो आजच्या चौकशीचा विषय नाही." घरी येऊन मी त्या पोराला भरपूर शिव्या दिल्या, त्याच्यामुळे आमची बाजू लंगडी पडली होती. त्याने मान खाली घालून सगळे ऐकले आणि एवढेच विचारले, "दादा, पाना फेकण्याआधी कोणत्या दिवशी हा विषय होता?"

मायकेल डन १९७३ साली लंडनमध्ये वारले, अवघ्या अडतिसाव्या वर्षी. त्यांचा लव्हलेस हेरांच्या हातून अनेकदा हरला. त्याच्या सनदेचा कागद मात्र कोणी उघडून पाहिला नाही. आमच्या त्या पोराची नोकरी गेली. मजुरीचा अर्ज मी पुन्हा दाखल केला आहे. पुढची तारीख जूनमधली आहे.