भंगारातून सळई

जालना बियाण्यांसाठी प्रसिद्ध आहेच. पण घर बांधायला काढलेल्या माणसाला हे शहर आठवते ते सळईसाठी. इथल्या इंडक्शन भट्ट्यांत स्पंज आयर्नबरोबर, म्हणजे खनिजापासून बनवलेल्या सच्छिद्र लोखंडाबरोबर, भंगार वितळते. जुनी यंत्रे, गाड्यांचे पत्रे, पाडलेल्या इमारतींच्या गंजक्या सळया पुन्हा कामाला लागतात.

केंद्र सरकारच्या २०१९ च्या पोलाद भंगार धोरणानुसार, एक टन भंगार वापरले की सुमारे १.१ टन लोहखनिज आणि ६३० किलो कोकिंग कोळसा वाचतो.

खरी मेख आहे ती भंगाराच्या वर्गवारीत. विजेच्या मोटारीच्या वायंडिंगमधले तांबे भट्टीत गेले, तर वितळलेल्या पोलादातून ते वेगळे काढणे जवळपास अशक्य. मग रोलिंगच्या वेळी धातूला तडे जातात. बंद सिलिंडर किंवा ओले भंगार आत पडले, तर स्फोटाचा धोका. म्हणून माल आधी निवडावा लागतो आणि रसाचा नमुना स्पेक्ट्रोमीटरवर तपासावा लागतो.

अर्थात, भंगार वापरले म्हणून पोलाद आपोआप हिरवे होत नाही. भट्टी विजेवर चालते. वीज कोळशाची असेल, तर धूर फक्त दुसऱ्या गावच्या धुराड्यातून निघतो. स्पंज आयर्नही आपल्याकडे बहुतांशी कोळशावरच तयार होते.

श्रोतेहो, जुनी गाडी मोडीत काढायची असेल, तर ती नोंदणीकृत वाहन भंगार केंद्रातच द्या आणि गाडी जमा केल्याचे ठेव प्रमाणपत्र (सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट) मागून घ्या. नवी गाडी घेताना त्यावर करसवलत मिळू शकते.