दसऱ्यानंतरचीं घरें



दसऱ्याचें सोनें वाटून झालें, वडीलधाऱ्यांच्या पायां पडून झालें, कीं शहरांतील सुशिक्षित घरांत दिवाळीच्या फराळाचा आणि मुलांच्या सहामाही परीक्षेचा विचार सुरू होतो. बीड जिल्ह्यांत, विशेषतः बालाघाटाच्या डोंगरकडेला वसलेल्या पाटोदा, शिरूर कासार, केज, धारूर, वडवणी या तालुक्यांतील हजारों घरांत, त्याच दिवसांत एक निराळाच प्रश्न पुढें येऊन उभा राहतो. ऊंस तोडावयास जावयाचें आहे. तर मुलांपैकीं बरोबर कोणाला न्यावयाचें, आणि मागें कोणाला ठेवावयाचें?

हा प्रश्न एकदां सुटला म्हणजे कायमचा सुटला, असें होत नाहीं. मुलें दर वर्षीं एका वर्षानें मोठीं होतात आणि म्हातारीं माणसें एका वर्षानें थकतात. त्यामुळें उत्तर दर दसऱ्याला नव्यानें शोधावें लागतें.

या भागांत पाऊस बेताचा आणि माळाची जमीन उथळ. खरिपाचें पीक निघालें कीं हाताला काम राहत नाहीं. १९५० सालीं लोणीजवळ प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्याचें गाळप सुरू झालें. त्यामागोमाग पश्चिम महाराष्ट्रांत कारखाने वाढत गेले, आणि तेथल्या उंसाला तोडणारे हात या कोरड्या मुलखांतून जाऊं लागले. १९७२ च्या दुष्काळानें ती वाट आणखीच रुळविली. आज महाराष्ट्रांतील ऊंसतोडणी कामगारांत बीडचा वांटा सर्वांत मोठा आहे. सांगली, कोल्हापूर, सातारा, सोलापूर, पुणें या जिल्ह्यांत, आणि सरहद्दीपलीकडे बेळगांवच्या बाजूलाही, हीं माणसें जातात. ऑक्टोबर-नोव्हेंबरांत घर सोडावयाचें, आणि मार्च-एप्रिलांत कारखान्याचा पट्टा पडला म्हणजे परत यावयाचें, असा हा क्रम आहे.

मुकादम हंगामाच्या आधींच उचल देऊन ठेवतो. ही उचल माणशीं नसते, कोयत्यामागें असते. आणि कोयता म्हणजे येथें केवळ हत्यार नव्हे. नवऱ्यानें ऊंस तोडावा, बायकोनें मोळी बांधून डोक्यावरून वाहावी, अशी दोघांची जोडी मिळून एक कोयता होतो. एकटाच माणूस असेल तर तो अर्धा कोयता. अशा या मोजदादींत मुलाचा आंकडा कोठेंच धरलेला नसतो. अंकगणिताच्या भाषेंत सांगावयाचें तर मूल म्हणजे डावीकडचें शून्य! परंतु आईच्या मनांतल्या हिशेबांत सर्वांच्या आधीं तेंच येतें.

अंगावर पिणारें मूल आईबरोबर जातें. त्याविषयीं घरांत बोलणेंही होत नाहीं. खरी अडचण असते ती सहा-सात वर्षांपासून बारा-तेरा वर्षांपर्यंतच्या मुलांची. त्यांना नेलें तर शाळा बुडते. ठेवलें तर त्यांना जेवूं कोण घालणार, आजारपणांत कोण पाहणार, आणि रात्रीं त्यांच्याजवळ कोण निजणार? सासू धडधाकट असेल तर दोन वाक्यांत निकाल लागतो. सासूला दिसत नसेल, किंवा ती स्वतःच अजून फडांत जात असेल—आणि साठीला टेकलेल्या बायकाही फडांत उतरतात—तर घराला कुलूप लागतें, आणि मुलाचें दप्तर धान्याच्या पोत्यांबरोबर व भांड्यांबरोबर गाडीवर चढतें. या घरांतल्या मुलाचें शिक्षण कशावर अवलंबून आहे असें कोणी विचारलें, तर त्याचें प्रामाणिक उत्तर आजीच्या गुडघ्यांवर, असें द्यावें लागेल.

शाळेचें वर्ष जूनच्या मध्यास सुरू होतें. पहिलें सत्र दिवाळीपर्यंत, दुसरें दिवाळीनंतर एप्रिलपर्यंत. उंसाचा हंगाम नेमका हें दुसरें सत्र गिळून टाकतो. आईबापांबरोबर दर वर्षीं जाणाऱ्या मुलाच्या वांट्याला म्हणून प्रत्येक इयत्तेच्या पुस्तकाचा पूर्वार्धच येतो. बेरीज-वजाबाकी त्याला पाठ असते. भागाकाराचा धडा वर्गांत निघतो तेव्हां तो मिरजेच्या पलीकडे कोठें तरी असतो. जूनमध्यें तो पुढच्या वर्गांत येऊन बसतो, आणि तेथील पहिलाच धडा त्याला कळत नाहीं, कारण त्याच्या आधींचे पांच धडे त्यानें पाहिलेलेच नसतात. अशा मुलाला आपण मंदबुद्धि म्हणतों. हजेरीपत्रकावर नांव राहतें, मूल राहत नाहीं, आणि एके दिवशीं नांवही जातें.

मुलें जातात तेथें कशीं राहतात, हेंही पाहिलें पाहिजे. बांबूच्या कांबी, वर चटई आणि प्लॅस्टिकचा कागद, अशी ती कोपी. उभें राहतां येईल एवढी उंची फक्त मधोमध. पहाटे चारच्या सुमारास आईबाप फडाकडे निघतात. उजाडतें तेव्हां कोपींत मुलेंच असतात. त्यांत आठ-दहा वर्षांची मुलगी असली कीं तान्हें भावंड तिच्या कडेवर येतें. ती पाणी आणते, भांडीं घासते, भाकरी टाकावयास शिकते. वडील माणसें तिचें कौतुकही करतात, आणि तें खोटें नसतें. पण शाळेंत जातांना भावंडाला कोठें ठेवावें, हें तिला कोणी सांगत नाहीं. कारखान्याची गाडी रात्रीं-अपरात्रीं आली तर ती भरण्यासाठीं आईबाप पुन्हा उठतात. मुलें आईबापांजवळ असावींत म्हणून त्यांना बरोबर नेलेलें असतें; परंतु दिवसाच्या चोवीस तासांत तीं खरोखर त्यांच्याजवळ किती वेळ असतात, हें मोजलें तर थोडेच तास भरतील.

कायद्याची उणीव आहे असें नाहीं. सहा ते चौदा वर्षांच्या बालकांना मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा २००९ चा अधिनियम १ एप्रिल २०१० पासून अमलांत आहे. वर्षाच्या मध्येंही मुलाला शाळेंत घ्यावें, त्याच्या वयास शोभेल अशा वर्गांत बसवावें, दुसऱ्या गांवीं जाणाऱ्यास दाखला अडवूं नये, हें सारें त्यांत आहे. स्थलांतर करणाऱ्या मुलांच्या हातीं शिक्षण हमी कार्ड देण्याचीही पद्धत राज्यानें काढली. कारखान्यांच्या आवारांत साखरशाळा निघाल्या. त्यांत उन्हातान्हांत कोपी-कोपी हिंडून मुलें गोळा करणारे शिक्षक होते आणि आहेत, त्यांचे उपकार विसरतां कामा नयेत. पण टोळी एका फडावरून दुसऱ्या फडावर जाते, शाळा जागच्या जागीं राहते. तिकडच्या गुरुजींना नोव्हेंबरांत मिळालेलें मूल मार्चमध्यें निघून जातें. बेळगांवच्या बाजूला शाळा कानडी निघाली म्हणजे मग बोलावयासच नको.

या सर्व उपायांत कामगारांच्या घराला खरोखर मानवलेला उपाय एक आहे, आणि तो दिसावयास सर्वांत साधा आहे. त्याचें नांव हंगामी वसतिगृह. हें नांव ऐकून श्रोत्यांच्या डोळ्यांपुढें खाटांच्या रांगा आणि घंटा वाजविणारा शिपाई येईल. तसें तेथें कांहीं नसतें. गांवचीच जिल्हा परिषदेची शाळा, आणि शाळा व्यवस्थापन समितीनें चालविलेला स्वयंपाक. दुपारचा पोषण आहार शाळेंत मिळतोच; ज्यांचे आईबाप तोडणीला गेले आहेत अशा मुलांना सकाळ-संध्याकाळचेंही जेवण हंगामभर तेथें मिळतें. जेवून मुलें निजावयास आपल्या घरीं, आजीच्या अंथरुणाशेजारीं जातात. एवढेंच!

परंतु या एवढ्याशा व्यवस्थेनें आजीच्या डोक्यावरचा अर्धा भार उतरतो, ही गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. चार नातवंडांच्या भाकरी दोन वेळ थापणें जिला झेपत नाहीं, तिला चार नातवंडें कुशीला घेऊन निजणें झेपतें. मुलाला घरापासून तोडावें लागत नाहीं आणि म्हातारीला चुलीशीं जखडावें लागत नाहीं. अनुदान वेळेवर न पोचल्यामुळें दिवाळीनंतर लगेच पेटावयाची चूल कांहीं गांवीं लांबणीवर पडते. तोंवर आईबाप मुलांना घेऊन गेलेले असतात, आणि एकदां गेलेलें मूल आणावयाला मधून कोणी परत येत नाहीं. म्हणून येथें पंधरा दिवसांचा उशीर हा पंधरा दिवसांचा राहत नाहीं, तो साऱ्या वर्षाचा होतो. खुर्चीवर बसणाऱ्यांनीं हें गणित एकदां कागदावर मांडून पाहावें.

आजीच्या दिवसाविषयीं फारसें कोणी लिहीत नाहीं. पहांटे उठून ती शेरडें सोडते, पाणी तापविते, धाकट्याच्या शर्टाला तुटलेल्या गुंडीऐवजीं टांका घालते. थोरला शाळेला जावयाचें नाकारतो, त्याला कधीं गोड बोलून तर कधीं काठी उगारून धाडते. रात्रीं नातवाला दिव्याखालीं बसवून “वाच” म्हणते. तिला स्वतःला अक्षर येत नाहीं. पण वाचतांना तो अडखळला किंवा मधलें कांहीं गाळून पुढें गेला, तर त्याच्या आवाजावरून तिला तें बरोबर कळतें. “मागचं पुन्हा वाच,” ती म्हणते, आणि नातू चकित होतो. निरक्षर माणसाच्या घरीं अभ्यास होत नाहीं असें म्हणणाऱ्या विद्वानांनीं ही शिकवणी ऐकावयास यावें.

तिला खरी भीति असते ती तापाची. मूल रात्रीं फणफणलें तर दवाखाना गांवांत नसतो, आणि मुलाला खांद्यावर टाकून नेईल असा तरणा माणूस गल्लींत उरलेला नसतो. ती कपाळावर पाण्याची पट्टी ठेवून बसते. फोन करावा कीं न करावा, याचाही ती विचार करते. कळविलें तर सून काम टाकून निघेल. खाडा पडेल तो निराळाच. न कळविलें आणि कांहीं बरेंवाईट झालें, तर? सकाळपर्यंत ताप उतरला तर ही गोष्ट ती सुनेला सांगतच नाहीं. फोन येतो तो बहुधा रात्रीं उशिरां, गाडी भरून झाल्यावर. मूल झोपलेलें असतें. आई म्हणते, “राहूं द्या, उठवूं नका.” मग दोघी बायका थोडा वेळ कांहींच न बोलतां फोन कानाला लावून बसतात.

मुलगी बारा-तेरा वर्षांची झाली कीं ही सारी व्यवस्था डळमळूं लागते. वयांत आलेली मुलगी थकलेल्या आजीच्या भरंवशावर कशी ठेवावी, आणि कोपींत तरी कशी न्यावी? या पेंचांतून सुटण्याची एक वाट आईबापांना लग्नाची दिसते. २०१९ ते २०२१ या काळांतील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत बीड जिल्ह्यांतील वीस ते चोवीस वर्षांच्या स्त्रियांपैकीं शंभरांत सुमारें ४४ जणींचें लग्न अठराच्या आंत झाल्याचें आढळलें. त्या मुलींच्या आईबापांना निर्दय म्हणणें सोपें आहे. त्यांना भय असतें, आणि तें भय अकारण नसतें. २०२१ सालीं राज्य सरकारनें संत भगवानबाबांच्या नांवें ऊंसतोडणी कामगारांच्या मुलामुलींसाठीं ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहें मंजूर केलीं, त्यांत निम्मीं मुलींचीं. लग्न पुढें ढकलण्याला आईच्या हातीं एक कारण मिळालें, हा त्यांचा मोठा उपयोग आहे. “तिला वसतिगृहांत जागा मिळाली आहे,” एवढें ती भावकींत सांगूं शकते.

फाल्गुन संपत येतो. पाडव्याच्या सुमारास एकेक गाडी परतूं लागते. वार्षिक परीक्षा तेव्हां तोंडावर आलेली असते, किंवा चाललेलीही असते. धाकटें मूल पहिल्या दिवशीं आईजवळ जात नाहीं. तें आजीच्या लुगड्याआडून पाहतें, आणि आई ओळख पटेपर्यंत मुद्दाम त्याच्याकडे न पाहतां सामान उतरवीत राहते. तिनें बाजारांतून अंदाजानें आणलेल्या चपला त्याला अर्ध्या बोटानें लहान होतात.

संध्याकाळीं वडील मुकादमाकडची चिठ्ठी काढतात. जानेवारी २०२४ च्या करारांत तोडणीच्या दरांत शेंकडा ३४ वाढ ठरली; ती आपल्याला नीट मिळाली कीं नाहीं, ही शंका त्यांच्या मनांत घोळत असते. चिठ्ठी ते सहावींतल्या मुलाच्या हातीं देतात. मुलगा वहीचें मागचें पान उघडतो आणि पालथी मांडी घालून बसतो. टन किती, दर किती, वाढ किती. त्यांतून खाडे वजा, उचल वजा. बाकी काढून तो आंकडा मोठ्यानें वाचतो. बाकी अंगावर निघते. म्हणजे दसऱ्याला पुन्हा जावें लागणार, हें कोणी बोलून दाखवीत नाहीं.

कोपऱ्यांतून आजी विचारते, “नीट मांडलंस का रं? पुन्यांदा बघ.”

मुलगा पेन्सिलीला टोक करतो आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरुवात करतो.