ताळा करून पाहिलास का?



गणिताच्या बाई समोर बसल्या आहेत, म्हणून आधी कबुली देते. बाई, मी ताळा करायला विसरले.

२०२४ सालची गोष्ट. त्या वर्षीपासून व्यावसायिक अभ्यासक्रमांना केंद्रीभूत प्रक्रियेतून प्रवेश घेणाऱ्या, ठरलेल्या प्रवर्गांतल्या मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क सरकारने माफ केलं. अट, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत. लालबागला आमच्या चाळीतली एक मुलगी इंजिनिअरिंगला लागली. तिचा महाडीबीटीचा अर्ज भरायला अर्थातच मी. वीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढलेली!

दाखल्यावर उत्पन्न होतं १,८०,०००. मी एक शून्य जास्त टाकलं. झाले अठरा लाख. पोर्टलने चूक दाखवली नाही, कारण त्याच्या लेखी ती चूक नव्हतीच. पात्र योजनांच्या यादीत तिची योजना आली नाही, एवढंच. मी तिच्या आईला सांगून टाकलं, "वहिनी, नाही बसत हो." त्यांनी काही न बोलता पाटल्या गहाण ठेवल्या.

आठवड्याने ती मुलगी छापील प्रत आणि दाखला घेऊन दारात उभी. "ताई, इथे एक शून्य जास्त आहे का?"

मुदतीला चार दिवस बाकी होते, म्हणून निभावलं. पाटल्या परत आल्या. पण ते चार दिवस नसते तर?

आपल्या वर्गातले ईबीसीचे फॉर्म आठवतात? आकडा विचित्र दिसला की बाई विचारायच्या, "वडिलांना नक्की एवढा पगार आहे का रे?" पोर्टल असं विचारत नाही. ते आपणच विचारायला हवं.

म्हणून आता मी तीन गोष्टी पाळते. एक, एकाने दाखल्यावरचा आकडा मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने पडद्यावरचा. अंकी आणि अक्षरी दोन्ही. दोन, नॉन-क्रिमीलेअरचा हिशोब इथे आणायचा नाही. तिथे आईवडिलांचा पगार आणि शेतीचं उत्पन्न धरत नाहीत. शिष्यवृत्तीच्या उत्पन्नात दोन्ही येतात. तीन, आधार सध्या कोणत्या बँक खात्याला जोडलंय ते आधी पाहायचं. पैसे तिथेच जातात, मग ते खातं घरच्यांना आठवत असो वा नसो.

आज आपल्यात बँकेतले आहेत, सीए आहेत, कॉलेजात शिकवणारे आहेत. प्रवेशाच्या दिवसांत दर रविवारी दोन तास शाळेच्या हॉलमध्ये एक टेबल मांडूया. लालबाग-परळची पोरं भरलेला अर्ज घेऊन येतील. आपण फक्त ताळा करायचा.

पहिल्या रविवारी मी येते. बाई, तुम्हीही याल ना? तुम्ही नुसतं चष्म्यावरून पाहिलंत तरी आमचं शून्य जागेवर येतं.