यंत्राचा हिशेब आणि मापातील तफावत

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संगणकाविषयी काही सांगावे, अशी कार्यकारी मंडळाची आम्हांस आज्ञा झाली. विषय अफाट आहे. म्हणून त्यातील एकच प्रश्न आम्ही निवडला आहे. मोजमाप करताना जी थोडीबहुत तफावत राहून जाते, तिचे यंत्राच्या हिशेबात पुढे काय होते, हा तो प्रश्न होय.

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी रक्तातील साखर पाहण्याचे लहान यंत्र असते. सकाळी बोट टोचावे, थेंब पट्टीवर घ्यावा आणि पडद्यावर १२० उमटले की तो आकडा पंचांगातील तिथीइतका प्रमाण मानावा, अशी आपली रीत. काल ११२ होती, आज १२० कशी झाली, म्हणून चहातील साखरेवरून घरात खटका उडतो! वास्तविक अशा यंत्रांकरिता २०१३ साली जे आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरले, त्यानुसार साखर शंभर किंवा अधिक असता शंभरपैकी पंचाण्णव मोजण्या खऱ्या मूल्याच्या पंधरा टक्क्यांच्या आत असाव्यात, एवढीच अपेक्षा आहे. म्हणजे पडद्यावर १२० दिसत असता खरी साखर सुमारे १०४ पासून १४१ पर्यंत कोठेही असू शकेल, आणि तरीही यंत्र प्रमाणास उतरलेलेच राहील. यंत्र टाकाऊ आहे, असा ह्याचा अर्थ मुळीच नव्हे. पडद्यावर आकडा एकच मावतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंची जागा आपल्या दृष्टीआड होते, एवढेच आम्हांस सुचवावयाचे आहे.

आता अशा आकड्यांचा पुढे गुणाकार झाला म्हणजे काय होते ते पाहू. समजा, एका जमिनीची लांबी १०० मीटर व रुंदी ५० मीटर भरली; परंतु साखळी धरणाऱ्याच्या हातून दोन्हीकडे दहा सेंटिमीटरांचा, म्हणजे सुमारे अर्ध्या वितेचा, फरक पडू शकतो. तर क्षेत्रफळ कमीत कमी ४९८५.०१ आणि जास्तीत जास्त ५०१५.०१ चौरस मीटर येईल. अर्ध्या वितेच्या संशयातून तीस चौरस मीटरांचा संशय उत्पन्न झाला. तेवढ्या जागेत दोन खोल्यांचे बिऱ्हाड सुखाने नांदते! भाऊबंदकीचे दावे कित्येकदा ह्याहून कमी जागेवरून कोर्टात गेले आहेत, हे आपण जाणताच.

ही झाली मोजणाऱ्याच्या हातची तफावत. यंत्र तिच्यात स्वतःची भर घालते, ती निराळीच. आपल्या आजोबांनी पावकी, निमकी, पाउणकी, दिडकी, औटकी घोकल्या होत्या. पाव, निम्मे, पाऊण, दीड, औट हे सारे अपूर्णांक दोनाने भागत गेल्याने मिळतात. रुपयाचा सोळावा भाग तो आणा आणि चौसष्टावा भाग तो जुना पैसा, तेही तसेच. पै तेवढी अपवाद. संगणक शून्य व एक ह्या दोनच अंकांत सारा हिशेब मांडतो. म्हणून आजोबांचे हे सारे अपूर्णांक त्यास तंतोतंत लिहिता येतात. परंतु १९५७ साली आपण दशमान नाणी स्वीकारली, त्या दशमानातील एक दशांश मात्र त्यास कधीच पुरता लिहिता येत नाही. आपण एक तृतीयांश दशांशात लिहू लागलो की ०.३३३ असे तीन उमटतच राहतात; तद्वत् यंत्राच्या लिपीत एक दशांश लिहू जाता ०.०००११००११००११ अशी न संपणारी माळ निघते. यंत्राच्या कोठीत जागा मोजकी, म्हणून ती माळ कोठे तरी तोडावी लागते.

तोडलेल्या ह्या शेपटीने माणसांचे प्राण घेतल्याचे उदाहरण आहे. १९९१ च्या आखाती युद्धात सौदी अरेबियातील दहरान येथे शत्रूची क्षेपणास्त्रे आकाशातच पाडण्याकरिता अमेरिकन सैन्याने ‘पेट्रियट’ नावाची यंत्रणा उभारली होती. तिचे घड्याळ सेकंदाच्या दहाव्या भागाचे ठोके मोजी. ठोक्यांचे सेकंद करण्याकरिता त्या संख्येस एक दशांशाने गुणावे लागे, आणि तो एक दशांश चोवीस घरांत बसवून पुढचा भाग तोडलेला होता. दर ठोक्यास पडणारी चूक सुमारे ०.०००००००९५ सेकंद, म्हणजे एका सेकंदाच्या एक कोटी भागांतील एकाहूनही किंचित कमी. एवढ्याची तमा कोण बाळगणार? यंत्रणा काही तास चालवून बंद करावी, अशीच मूळची कल्पना होती. परंतु तेथे ती अखंड शंभर तास चालू राहिली. शंभर तासांत छत्तीस लाख ठोके पडले आणि चूक साठत साठत सेकंदाच्या एक तृतीयांशाएवढी झाली. येणारे स्कड क्षेपणास्त्र सेकंदास दीड किलोमीटरहून अधिक वेगाने धावत होते. अर्थात यंत्रणा त्यास अर्ध्या किलोमीटरहून दूर, भलत्याच जागी शोधीत राहिली. तेथे काहीच न आढळल्याने प्रतिकार झाला नाही. २५ फेब्रुवारीच्या त्या रात्री सैनिकांच्या निवासावर क्षेपणास्त्र कोसळून अठ्ठावीस जण ठार झाले. यंत्रणा दीर्घकाळ चालल्यास नेम ढळतो, अशी सूचना इस्रायलकडून दोन आठवडे आधीच आली होती. दुरुस्त केलेली आज्ञावलीही तयार झाली होती. ती दहरानला पोहोचली २६ फेब्रुवारीस.

ह्यात सर्वांत खटकणारी गोष्ट, आमच्या मते, चूक झाली ही नव्हे. शंभर तासांपर्यंत यंत्र प्रत्येक क्षणी एक ठाम आकडा सांगत होते, आणि त्या आकड्यावरील विश्वास किती झिजला आहे, हे दर्शविणारी काहीच सोय त्यात नव्हती.

अशी सोय करता येते. रॅमन मूर नावाच्या अमेरिकन गणितज्ञाने १९५९ च्या सुमारास ह्या विषयावर लिहिण्यास आरंभ केला, १९६२ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात त्यावर प्रबंध लिहिला आणि १९६६ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. पोलंडमध्ये वार्मुस व जपानमध्ये सुनागा ह्यांसही त्याच सुमारास स्वतंत्रपणे तीच कल्पना सुचली होती. तिला ‘इंटरव्हल अ‍ॅरिथमेटिक’ म्हणतात. आपण अंतराल-गणित म्हणू. युक्ती अगदी साधी. एका संख्येऐवजी यंत्राने सदैव दोन संख्या वागवावयाच्या, खालची मर्यादा आणि वरची मर्यादा. बेरजेत खालचीत खालची व वरचीत वरची मिळवावयाची. आकडे तोडण्याची वेळ आली की खालची मर्यादा नेहमी खाली लोटावयाची, वरची नेहमी वर. अशा रीतीने मोजणाऱ्याच्या हातची तफावत आणि यंत्राने तोडलेली शेपटी ह्या दोन्ही एकाच कुंपणात येतात, आणि खरे उत्तर त्या कुंपणाबाहेर जाऊच शकत नाही. दहरानच्या घड्याळाचा हिशेब असा ठेवला असता, तर शंभराव्या तासास कुंपण सेकंदाच्या तिसऱ्या भागाहून रुंद झालेले यंत्राने आपण होऊन दाखविले असते.

कल्पनेचे मूळ पाहू जाता ते फार जुने आहे. वर्तुळाचा परिघ व्यासाच्या किती पट, ह्याचे उत्तर आर्किमिडीजने एका आकड्यात दिले नाही. तीन पूर्णांक दहा एकाहत्तरांशाहून अधिक व तीन पूर्णांक एक सप्तमांशाहून कमी, अशी दोन टोके त्याने सिद्ध केली. आपल्या आर्यभटाने २०,००० व्यासास ६२,८३२ परिघ सांगितला आणि तो ‘आसन्न’, म्हणजे जवळचा, असेही जोडून सांगितले. तो एक शब्द आम्हांस त्या आकड्याइतकाच मोलाचा वाटतो.

ह्या पद्धतीत दोषही आहे. एका माणसाचे वजन ६० ते ६१ किलो आहे असे सांगून त्यातून त्याचेच वजन वजा करावयास लावले, तर उत्तर शून्य यावे. परंतु अंतराल-गणित उणे एक ते अधिक एक असे उत्तर देते. दोन्ही वेळचा माणूस एकच, हे त्यास कळत नाही. लांबलचक हिशेबात अशाने कुंपण फुगत जाऊन निरुपयोगी होते, आणि ते आवरण्याच्या नाना युक्त्या काढणे हेच ह्या क्षेत्रातील संशोधकांचे मुख्य काम होऊन बसले आहे. त्यास फळही आले. हवामानाचा अभ्यासक एडवर्ड लॉरेन्झ ह्याने १९६१ साली यंत्रात ०.५०६१२७ ऐवजी ०.५०६ भरले आणि काही काळाने हवामानाचे सारे चित्रच पालटलेले पाहिले. १९६३ साली त्याने ह्याच स्वभावाची तीन समीकरणे प्रसिद्ध केली. यंत्रातील आकडेतोडीमुळे जी चित्रे पडद्यावर दिसतात ती खरी की भास, हा वाद छत्तीस वर्षे राहिला. १९९९ साली वॉरविक टकर ह्याने अंतराल-गणिताच्याच साहाय्याने ते वर्तन खरे असल्याचे सिद्ध केले.

प्रत्यक्ष हवामानाच्या अंदाजास मात्र असे कुंपण परवडत नाही. तेथे दुसरा मार्ग धरतात. आरंभीच्या मोजमापांत शक्य तेवढाच बारीक बदल करून तोच अंदाज पुनःपुन्हा काढावयाचा. पुणे येथील भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने सिद्ध केलेली अशी एक पद्धती २०१८ साली सुरू झाली. तीत अंदाज एकवीस वेळा काढला जाई. त्या एकविसांपैकी किती अंदाजांत पाऊस पडला, हे मोजले की शक्यतेचा आकडा मिळतो. ‘पावसाची शक्यता साठ टक्के’ असे वाचून आपण म्हणतो, वेधशाळेने दोन्ही दगडांवर पाय ठेवला. वास्तविक एकविसांपैकी तेरा अंदाजांत पाऊस पडला आणि आठांत ऊन राहिले, तर सुमारे तोच आकडा येतो. आणि ती आठ उन्हेही तेथील मंडळींनी आपल्यापासून दडवून ठेवलेली नसतात.