वेदनाशामक गोळी : तारक किती, मारक किती?

(सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या आरोग्यविषयक व्याख्यानाची संहिता)



जुन्नर आणि आंबेगाव हे दोन्ही तालुके कष्टाचे. नारायणगावच्या बाजारात हंगामात टोमॅटोची क्रेट उचलली जातात, ओतूर-आळेफाट्याला कांद्याच्या गोण्या पाठीवर चढतात, साखर कारखान्यांची धुराडी पेटली की उसाच्या फडात कोयते चालू लागतात. पेठेतील व्यापाऱ्याचे कष्ट निराळे. गादीवर मांडी घालून तासन्‌तास बसणे, फळीवरची ठाणे काढणे, उलगडणे आणि पुन्हा घडी घालून ठेवणे हा त्याचा दिनक्रम. कष्टांचा प्रकार भिन्न असला तरी साठी जवळ आली की फळ एकच मिळते. कंबर धरते, गुडघा वाकत नाही. मग औषधाच्या दुकानातून दोन-चार गोळ्या पट्टी कापून आणल्या जातात. रात्री झोप लागते आणि सकाळी दुकान उघडते. गुण आला म्हणून तीच गोळी पुन्हा येते, पुढे शेजाऱ्यालाही सुचवली जाते.

या गोळीचे नाव बहुतेक वेळा डायक्लोफेनॅक असते. आयबुप्रोफेन, असेक्लोफेनॅक, नेप्रोक्सेन, निमेसुलाइड ही तिचीच भावंडे. स्विस कंपनी सिबा-गायगीच्या संशोधकांनी डायक्लोफेनॅक तयार केले आणि १९७० च्या दशकात ते वापरात आले. गेल्या पन्नास वर्षांत या औषधाने जगभरातील कोट्यवधी संधिवातग्रस्तांना चालते ठेवले आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. औषधाला शत्रू ठरवण्याचा येथे हेतू नाही. प्रश्न एवढाच आहे, की ते किती, कितीदा आणि कोणी घ्यावे.

गोळी पोटात गेल्यावर ती गुडघा शोधत जात नाही. रक्तावाटे ती सर्व शरीरात पोहोचते. शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होत असतात. इजा झालेल्या जागी सूज आणि वेदना उत्पन्न करण्यात त्यांचा वाटा असतो. ॲस्पिरीन आणि तिच्या जातीची औषधे या द्रव्यांची निर्मिती रोखतात, हे इंग्लंडमधील शास्त्रज्ञ जॉन वेन यांनी १९७१ मध्ये दाखवून दिले आणि त्या कार्याबद्दल १९८२ चे नोबेल पारितोषिक त्यांना इतर दोन शास्त्रज्ञांसह विभागून मिळाले. परंतु हीच द्रव्ये जठराच्या अस्तराचे आम्लापासून रक्षण करतात आणि शरीरातील पाणी कमी झाले असता मूत्रपिंडांचा रक्तपुरवठा टिकवून धरतात. गोळी चांगले आणि वाईट प्रोस्टाग्लँडिन निवडत बसत नाही. गुडघ्यातील बंद होते, त्याबरोबर जठरातील आणि मूत्रपिंडातीलही कमी होते.

मूत्रपिंडावर या औषधाचा आघात किती भयंकर होऊ शकतो, याचा दाखला जगाला प्रथम गिधाडांनी दिला. ही हकिगत आपल्या समाजाने विशेष लक्षपूर्वक ऐकावी अशी आहे, कारण तिचा संबंध गोसेवेशी आणि पांजरपोळाशी येतो.

पूर्वी गावकुसाबाहेर मेलेले जनावर टाकले, की काही वेळातच आभाळात गिधाडे घिरट्या घालू लागत आणि थोड्याच अवधीत केवळ सांगाडा उरे. लांब चोचीचे गिधाड कड्यांच्या कपारीत घरटे करते. सह्याद्रीचे कडे म्हणजे त्याचे हक्काचे घर. १९९० च्या दशकात ही गिधाडे देशभर नाहीशी होऊ लागली. भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे डॉ. विभू प्रकाश यांनी ही घट नोंदवली आणि १९९९ मध्ये ती प्रसिद्ध केली. माना टाकून बसलेली गिधाडे झाडावरून कोसळून मरत होती. एखादा अज्ञात विषाणू असावा, असा प्रारंभी तर्क होता. २००१ मध्ये हरियाणातील पिंजोर येथे गिधाडांसाठी शुश्रूषा केंद्र सुरू झाले, तरी कारण हाती लागत नव्हते.

उत्तर २००४ मध्ये मिळाले. अमेरिकन पशुवैद्यक लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाकिस्तानात मेलेल्या गिधाडांची तपासणी केली. पक्ष्यांच्या अंतर्गत अवयवांवर युरिक आम्लाचा पांढरा थर साचला होता, म्हणजेच मूत्रपिंडे बंद पडली होती. त्या मूत्रपिंडांत डायक्लोफेनॅक सापडले. गाय-बैलांचे दुखणे आणि ताप उतरावा म्हणून त्यांना हे औषध टोचले जात असे. उपचारानंतर थोड्याच दिवसांत जनावर दगावले, तर औषधाचा अंश मांसात राही, आणि ते मांस खाणारे गिधाड दोन-तीन दिवसांत मरे. एका मृत जनावरावर अनेक गिधाडे तुटून पडतात. त्यामुळे शंभरात एकाहूनही कमी मृत जनावरांत हे औषध असले, तरी संपूर्ण जात नष्ट होण्यास ते पुरेसे आहे, असे गणित शास्त्रज्ञांनी मांडले. १९९२ ते २००७ या काळात भारतातील पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या ९९.९ टक्क्यांनी घटली. हजारामागे एक उरले, असा हा तोटा. मुंबईत मलबार हिलवरील पारशी बांधवांच्या डोंगरवाडीत शतकानुशतकांच्या अंत्यविधीला गिधाडेच मिळेनाशी झाली आणि तेथे सूर्यकिरण एकवटणारी यंत्रे बसवावी लागली.

विचार करण्यासारखी बाब ही, की यात कोणाचाही हेतू वाईट नव्हता. जनावराची वेदना कमी व्हावी, ही करुणाच त्यामागे होती. परंतु औषधाचे ज्ञान नसलेली करुणा कोठे जाऊन पोहोचली, ते दिसतेच आहे.

केंद्र शासनाने २००६ मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी आणली. तथापि माणसांसाठीच्या इंजेक्शनच्या मोठ्या बाटल्या गुरांसाठी वापरल्या जातच राहिल्या. माणसाला एका वेळी ३ मिलिलिटर पुरते. ३० मिलिलिटरची बाटली कोणासाठी विकली जाते, हे उघड होते. म्हणून २०१५ मध्ये माणसांसाठीचे इंजेक्शनही एका मात्रेपुरत्या लहान बाटलीतच भरण्याचे बंधन घालण्यात आले. पुढे २०२३ मध्ये जनावरांसाठीचे किटोप्रोफेन व असेक्लोफेनॅक आणि २०२४ च्या अखेरीस निमेसुलाइड यांवरही बंदी आली. मेलॉक्सिकॅम हे औषध गिधाडांना सुरक्षित असल्याचे २००६ मध्येच सिद्ध झालेले आहे आणि ते गुरांना उपयोगीही पडते. पांजरपोळ अथवा गोशाळा चालविणाऱ्यांनी, तसेच त्यांना औषधासाठी देणगी देणाऱ्यांनी, औषधांच्या बिलावर कोणते नाव आहे ते एकदा डोळ्यांखालून घालावे. चाऱ्याचे बिल आपण तपासतोच.

आता पुन्हा मनुष्याकडे वळू. गिधाडाइतके हे औषध माणसाला मारक नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. निरोगी तरुणाने डॉक्टरांच्या सल्ल्याने चार दिवस गोळी घेतली तर सहसा काही बिघडत नाही. परंतु आघाताची एक जागा तीच आहे. मूत्रपिंडे झिजत असताना दुखत नाहीत. त्यामुळे दुखणे थांबवणारी गोळी न दुखणाऱ्या अवयवाला किती अपाय करते आहे, ते घेणाऱ्याला कळत नाही.

हा धोका तीन गोष्टींनी वाढतो : वय, शरीरातील पाण्याची कमतरता आणि सोबत चालू असलेली अन्य औषधे. दुर्दैवाने आपल्या समाजातील तपस्वी ज्येष्ठांच्या बाबतीत तिन्ही एकत्र येतात. चौविहार उपवासात पाणी नाही. पाणी घेऊन केलेल्या उपवासातही ते सूर्यास्तापर्यंतच. अठ्ठाईत आठ दिवस अन्न नाही. वर्षीतप करणाऱ्यास तर वर्षभराहून अधिक काळ एक दिवसाआड उपवास. अशा वेळी शरीरातील पाणी कमी होते आणि मूत्रपिंडांचा रक्तपुरवठा प्रोस्टाग्लँडिनच्या आधारावर उभा असतो. नेमका तोच आधार ही गोळी काढून घेते. पर्युषणात डोके दुखले किंवा बैठकीने कंबर अवघडली म्हणून सूर्यास्तापूर्वी घाईघाईने एका घोटाबरोबर गिळलेली डायक्लोफेनॅकची गोळी इतर दिवशीच्या गोळीपेक्षा फार महाग पडू शकते. एकासण्यात सकाळ, दुपार आणि रात्रीच्या गोळ्या एकाच बैठकीत घेणे हेही तितकेच घातक, कारण दिवसभरात विभागायची मात्रा त्यामुळे एका तासात शरीरात जाते.

तिसरी गोष्ट रक्तदाबाची. रक्तदाबाच्या ज्या औषधांच्या नावाच्या शेवटी ‘प्रिल’ किंवा ‘सार्टन’ येते, जसे रामिप्रिल, एनालाप्रिल, टेल्मिसार्टन, लोसार्टन, त्यांचा मूत्रपिंडातील रक्तदाबावर परिणाम होतो. लघवी वाढविणारे औषध पाणी बाहेर टाकते. अनेकदा ही दोन्ही औषधे एकाच गोळीत असतात. त्यांत वेदनाशामक गोळीची भर पडली, की मूत्रपिंडांवर तिहेरी भार येतो आणि काही दिवसांतच ती अकस्मात मंदावू शकतात. रक्तदाबाची गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नये, त्यातही जिवाला धोका आहे. तपाचा संकल्प करण्यापूर्वी चालू असलेल्या सर्व गोळ्या घेऊन डॉक्टरांकडे जावे, उपवास किती दिवसांचा व पाण्याचा की निर्जळ ते सांगावे आणि कोणती गोळी कधी घ्यायची ते लिहून घ्यावे. पच्चक्खाणाविषयी गुरुभगवंतांना विचारावे, गोळीविषयी डॉक्टरांना. या दोन प्रश्नांची अदलाबदल करू नये.

जठराची गोष्ट बहुतेकांना ठाऊक आहे, म्हणून रिकाम्या पोटी गोळी नको, हे सर्वजण सांगतात. थोडे खाऊन घेतल्याने जळजळ कमी होते हे खरे, पण व्रणाचा धोका संपत नाही. इंजेक्शन घेतले म्हणजे पोट सुटले, हाही गैरसमजच. औषध रक्तातून जठरापर्यंत पोहोचतेच. सोबत दिलेली ॲसिडिटीची गोळी जठराचे बऱ्याच अंशी रक्षण करते, परंतु मूत्रपिंडांना तिचा काही उपयोग नाही. हृदयासाठी रोज ॲस्पिरीन, रक्त पातळ करणारे औषध किंवा स्टेरॉइड चालू असणाऱ्याला रक्तस्रावाचा धोका अधिक असतो.

हृदयाचा मुद्दा उशिरा लक्षात आला. रोफेकॉक्सिब हे याच वर्गातील औषध हृदयविकाराच्या झटक्यांमुळे २००४ मध्ये जगभरातून मागे घेण्यात आले. त्यानंतर जुन्या गोळ्यांचीही झडती झाली. ज्यांना हृदयविकार आहे, हृदय अशक्त झाले आहे किंवा पक्षाघात होऊन गेला आहे, त्यांना डायक्लोफेनॅक देऊ नये, असे युरोपच्या औषध नियंत्रकांनी २०१३ मध्ये ठरविले. बायपास किंवा अँजिओप्लास्टी झालेल्यांनी ही बाब केवळ ऐकून सोडू नये.

प्रौढ व्यक्तीस डायक्लोफेनॅक दिवसाला जास्तीत जास्त १५० मिलिग्रॅम, तेही विभागून आणि शक्य तितके कमी दिवस. आयबुप्रोफेन डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून १२०० मिलिग्रॅमपुढे जाऊ नये. दोन वेगळ्या नावांच्या गोळ्या म्हणजे दोन वेगळी औषधे असे नसते. कॉम्बिफ्लॅममध्ये आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल असते. तिच्या जोडीला डायक्लोफेनॅक घेतले तर एकाच जातीचा माल दोनदा भरल्यासारखे होते. वस्तुतः ही औषधे चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम आहे. तो किती पाळला जातो, हे सर्वांना ठाऊक आहे. पट्टी कापून घेतलीच तर नाव आणि मुदत छापलेला तुकडा मागून घ्यावा. मालाचे नाव नसलेले बिल कोणताही व्यापारी स्वीकारत नाही, मग नाव नसलेली गोळी पोटात का घ्यावी?

ताप असेल तर अधिक सावध राहावे. पावसाळ्यात डेंग्यूची शंका असताना या जातीची एकही गोळी घेऊ नये, रक्तस्राव वाढतो. तेथे पॅरासिटामॉलच योग्य. प्रौढाला त्याचीही मर्यादा दिवसाला ४ ग्रॅम, म्हणजे ५०० च्या आठ गोळ्या, आणि कृश, वृद्ध किंवा यकृताचा विकार असणाऱ्याला त्याहून कमी. गर्भवती भगिनींनी, विशेषतः विसाव्या आठवड्यानंतर, डायक्लोफेनॅक-आयबुप्रोफेन टाळावे. बारा वर्षांखालील मुलांना निमेसुलाइड देण्यास २०११ पासून मनाईच आहे.

मग गुडघेदुखीने करावे तरी काय? डायक्लोफेनॅकचेच मलम गुडघ्यावर लावले असता औषधाचा फारच थोडा भाग रक्तात जातो. म्हणून गोळीआधी मलम, हा क्रम आता जगभर मानला जातो. मांडीचे स्नायू बळकट करणारे व्यायाम, वजनात घट आणि गादीऐवजी खुर्ची, यांनी गोळ्यांची संख्या निश्चित उतरते. गादी सोडणे जुन्या पेढीवरील मंडळींना रुचणार नाही, हे मान्य. तरीही गुडघ्याची जागा गादीच्या मानापेक्षा वरची आहे.

महिनोन्‌महिने गोळी घेणे ज्यांना अपरिहार्य आहे, त्यांनी रक्तातील क्रिएटिनिन आणि रक्तदाब ठरावीक काळाने तपासून घ्यावा. ही साधी रक्ततपासणी आहे आणि जुन्नर, नारायणगाव, मंचर येथे होऊ शकते. गोळी चालू असताना पायांवर सूज आली, लघवी कमी झाली, शौचास डांबरासारखे काळे झाले, कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी झाली किंवा छातीत दाटले, तर पुढची गोळी घेऊ नये. त्याच दिवशी, उपवास असला तरी, कापलेल्या पट्टीसह रुग्णालय गाठावे.