भंगारवाल्याआधी सुतार

डिलाईल रोड, वरळी, नायगाव, लालबाग, शिवडी या भागातल्या श्रोत्यांशी मला आज मुद्दाम बोलायचं आहे. बाकीच्यांनीही ऐकावं, कारण आज ना उद्या पुनर्विकासाची वेळ तुमच्या इमारतीवर येणारच आहे.

मला विषय दिला आहे ‘नवं घर, नवी सजावट’. पडदे, रंग, दिवे, सगळ्यावर बोलायचं आहे. पण त्याआधी एक गोष्ट सांगते आणि ती मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे. खोली रिकामी करायची वेळ आली की भंगारवाल्याला हाक मारण्याआधी सुताराला बोलवा.

मुंबईतल्या बीडीडी चाळींचंच घ्या. १९२०च्या दशकात बांधलेल्या, १६० चौरस फुटांच्या खोल्या. आता त्यांच्या जागी ५०० चौरस फुटांची घरं मिळताहेत. वरळीतल्या पहिल्या इमारतींच्या किल्ल्या २०२५च्या ऑगस्टमध्ये रहिवाशांच्या हातात पडल्या. चार पिढ्यांनी वाट पाहिली त्या घराची. हौसेनं सजवावं, खर्च करावा, त्यात वावगं काहीच नाही. आणि दुकानांना तर आता तोटाच नाही. फिनिक्स मिलचा मॉल झाला, रघुवंशी मिलच्या आवारात दिवे आणि सजावटीचं सामान मिळतं. ज्यांच्या वडिलांनी १९८२च्या गिरणी कामगारांच्या संपात मिलच्या फाटकाबाहेर दिवस काढले, त्यांच्या लेकी आज त्याच फाटकातून सोफा बघायला आत जातात. जावं त्यांनी, ताठ मानेनं जावं.

पण सोफा बघायला जायच्या कितीतरी आधी एक घात होऊन गेलेला असतो. तो नव्या घरात होत नाही, जुनी खोली सोडताना होतो. संक्रमण शिबिरात किंवा भाड्याच्या जागेत जायचं असतं. टेम्पो खाली उभा असतो, पोरं घाई करत असतात, ‘एवढं धूड ठेवायचं कुठे’ असं कोणीतरी म्हणतं आणि आजोबांचा सागवानी पलंग गॅलरीतून खाली जातो. किलोच्या भावानं. तो पुढे कुठे जातो ठाऊक आहे? चोरबाजारात मटण स्ट्रीटवर एक चक्कर मारा, नाहीतर जोगेश्वरी-ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचरच्या बाजारात जा. तिथे असेच पलंग, अशीच कपाटं पॉलिश होऊन उभी असतात. त्यांची किंमत विचारून बघा, म्हणजे आपण काय दिलं आणि काय घेतलं ते कळेल.

‘ठेवायचं कुठे’ या प्रश्नाला उत्तर आहे आणि ते सुताराकडे आहे. जुना पलंग अखंड नसतो. उशाची बाजू, पायथ्याची बाजू, दोन लांब पट्ट्या आणि मधल्या फळ्या. कपाटही तसंच, पाठ, बाजू, दारं वेगळी होतात. जाणता सुतार त्या दिवशी अर्ध्या तासात सगळं सुटं करून देतो. त्या फळ्या जाजमात गुंडाळून भिंतीला उभ्या केल्या की वीतभर जागा लागते. वीतभर! म्हणून म्हणते, सुतार आधी.

लाकूड कसलं आहे, ठेवण्यासारखं आहे का, हे पाहायला पॉलिशकडे बघू नका. खण पूर्ण बाहेर काढा आणि उलटा करा. खालची फळी, मागची बाजू, जिथे कोणी पॉलिश लावत नाही, तिथे खरं लाकूड दिसतं. कोपरा बघा. दोन फळ्यांचे दाते एकमेकांत घट्ट बसवलेले असतील, खिळ्याचा पत्ता नसेल, तर तो खण खपून केलेला आहे. चाळीतल्या कपाटांत असे खण मी खूप पाहिलेत. आत वर्तमानपत्र अंथरलेलं, त्याखाली रेशनकार्डाची जुनी प्रत, आणि सांधा नव्यासारखा.

तुमच्या घरी बिडाचा तवा असेल. जड असतो, नवी सून आधी कुरकुरते. पावसाळ्यात कोपऱ्यात राहिला तर गंज चढतो. पण मीठ घालून घासला, तेलाचं बोट फिरवलं, एक कांदा परतला की धिरडं पुन्हा अलगद सुटून येतं. नॉनस्टिकचा तवा हलका, देखणा. पण उलथन्याचा ओरखडा उठला की त्याचा काळा पापुद्रा निघायला लागतो आणि मग त्याला दुरुस्ती नाही. सागवानाचं कपाट म्हणजे तो बिडाचा तवा. काळं दिसतं ते स्टोव्हच्या काजळीनं आणि जुन्या पॉलिशच्या थरांनी. पॉलिश पेपर मारला, स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपडा लाखेचे हात दिले की आतला सोनेरी रंग वर येतो. आणि तुम्ही हप्त्यांवर आणता ते चकचकीत कपाट पुष्कळदा पार्टिकल बोर्डाचं असतं. लाकडाचा चुरा आणि चिकट राळ दाबून केलेली फळी, वर कागदासारखा पापुद्रा. आपल्या मुंबईच्या दमट हवेत, ओल्या फडक्यानं पुसून पुसून, तिची कड फुगते. बिजागरीचा स्क्रू एकदा सुटला की त्या भोकात पुन्हा धरत नाही. नॉनस्टिक घेऊच नका असं मी म्हणत नाही, एखादा असू द्या घरात. पण त्याच्यासाठी बिडाचा तवा मोडीत काढला असं कोणत्या सासूनं केलंय?

मुली मला म्हणतात, मॅडम, ते जुनं नव्या हॉलमध्ये शोभत नाही. बाळांनो, पलंगाच्या त्या दोन पट्ट्यांतून खिडकीखालचं बाकडं होतं. कपाटाची दारं काढून आतल्या फळ्या तशाच ठेवल्या की पुस्तकांचं शेल्फ होतं. फक्त नव्या इमारतीच्या लिफ्टच्या दाराचं माप आधी घ्या. आणि हे सगळं सुताराशी बोलून करायचं, खोली सोडण्याच्या आधी. भंगारवाला आला की मग बोलण्यासारखं काही उरत नाही.

नवीन काही करून घ्यायचंच असेल तर प्लायवरचा आयएसआय शिक्का स्वतः वाचा. मोरीजवळ, सिंकखाली ७१० क्रमांकाचा मरीन प्लाय. कपाटांना ३०३ चालतो. कापायच्या आधी वाचा, नंतर शिक्का कुठल्या तुकड्यावर गेला ते सापडत नाही. रंगांचं थोडक्यात सांगते. उत्तरेकडच्या खोलीत गडद रंग घेताना... नाही, काचेपलीकडून खूण झाली आहे, रंग आणि पडदे आज राहिलेच.

एकच सांगून थांबते. फळ्या सुट्या कराल तेव्हा प्रत्येकीच्या आतल्या बाजूला नंबर घाला. खडूनं नको, पुसला जातो. सुताराच्या कानावरच्या पेन्सिलीनं घाला.