हिशेबात न धरलेली कमाई
(पालक-मेळाव्यात केलेले भाषण)



अर्थशास्त्राच्या तासाला उद्योजकांची नावे विचारली, तर टाटा, बिर्ला, किर्लोस्कर अशी उत्तरे भराभर येतात. एखाद्या उद्योजक स्त्रीचे नाव सांगा म्हटले की वर्ग गप्प होतो. मुलींचे बाकही गप्प होतात, याचे मला अधिक वाईट वाटते.

वास्तविक उदाहरणांना तोटा नाही. हजरत खदीजा (र.) मक्केतील नामांकित व्यापारी होत्या, त्यांचा माल शामपर्यंत जात असे. आपल्या मुंबईत १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली आणि त्यातून 'लिज्जत'चा पसारा उभा राहिला. तेथे पापड लाटणारी भगिनीच मालकीण असते. अहमदाबादेत १९७४ साली सुमारे ४००० कष्टकरी बायकांनी प्रत्येकी दहा रुपये घालून 'सेवा' ही स्वतःची सहकारी बँक काढली. भाजी विकणाऱ्या आणि विड्या वळणाऱ्या बायका भागधारक झाल्या!

मग ही नावे मुलांना ठाऊक का नाहीत? हार्वर्ड विद्यापीठाच्या प्राध्यापिका क्लॉडिया गोल्डिन यांना २०२३ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांनी अमेरिकेतील दोनशे वर्षांची माहिती धुंडाळली. जुन्या नोंदींत शेतात किंवा घरच्या धंद्यात राबणाऱ्या स्त्रीचा व्यवसाय पुष्कळदा नुसता 'पत्नी' असा लिहिलेला असे. तिने काम केले, पण ते हिशेबात आले नाही.

आता आपल्या मुलाचा प्रवेश-अर्ज आठवा. आईचा व्यवसाय या रकान्यात आपण 'घरकाम' लिहितो. तीच आई रात्री बारापर्यंत शिलाईयंत्रावर बसते आणि त्या पैशातून मुलाची वह्या-पुस्तके येतात.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हाला एक गृहपाठ देतो. एक आठवडा आईच्या किंवा आजीच्या कामाची वही ठेवा. किती तास काम केले, दोरा-कापडाला किती खर्च आला, हातात मजुरी किती पडली, ते लिहा आणि ताशी मजुरी काढा. नफा, भांडवल, श्रम हे शब्द मग पाठ करावे लागणार नाहीत. व्यापारी तिला दर कमी देत असेल, तर तेही त्या वहीत दिसेल.

पालकहो, आपल्याकडे एक मागणे आहे. "मुलीला हिशेब शिकून काय करायचे?" असे म्हणून दहावीनंतर तिची शाळा बंद करू नका. तिला वाणिज्य शाखेला जायचे असेल तर जाऊ द्या. पतपेढीत तिच्या नावाचे खाते उघडा आणि पासबुक तिच्याच हाती द्या. जिला स्वतःच्या कष्टाचा हिशेब मांडता येतो, तिला कोणी सहज फसवू शकत नाही.

आणि पुढच्या अर्जात त्या रकान्यात आईचे खरे काम लिहा.